ध्वनिमुद्रित प्रचार : मतदार काय ऐकतो, काय मानतो?

२१ जानेवारी २०२४ च्या रविवारी अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्यातील हजारो घरांतले दूरध्वनी वाजले. पलीकडून येणारा आवाज तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन यांचा वाटत होता. येत्या मंगळवारी होणाऱ्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत मतदान करू नका, आपले मत नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीसाठी राखून ठेवा, असा त्या संदेशाचा आशय होता. प्रत्यक्षात प्राथमिक निवडणुकीत मत दिल्याने मुख्य निवडणुकीतील मताधिकार संपत नाही. आवाजही बायडेन यांचा नव्हता. तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार करण्यात आला होता आणि यंत्राने तो एकामागून एक क्रमांकांवर पोहोचवला होता. राज्याच्या महाधिवक्त्यांच्या अंदाजानुसार असे पाच हजार ते पंचवीस हजार दूरध्वनी गेले.

या घटनेतील एक बाब बोलकी आहे. दूरध्वनीच्या पडद्यावर दिसणारा क्रमांक डेमोक्रॅटिक पक्षाच्या त्या राज्यातील एका माजी अध्यक्षांचा होता. त्यांचा या प्रकाराशी काहीही संबंध नव्हता, त्यांचा क्रमांक केवळ बनावटपणे दाखवण्यात आला होता. परंतु संदेश ऐकून चक्रावलेल्या काही मतदारांनी त्या क्रमांकावर उलट दूरध्वनी केला आणि या बनावाला लवकर वाचा फुटली. ध्वनिमुद्रित आवाजाला प्रश्न विचारता येत नाही. प्रश्न विचारण्यासाठी मतदाराला हाडामांसाचा माणूस शोधावा लागला आणि योगायोगाने तो सापडला.

स्वयंचलित प्रचारध्वनींची, म्हणजेच 'रोबोकॉल'ची, चर्चा सहसा 'त्याने मते मिळतात का' आणि 'लोक वैतागतात का' या दोन प्रश्नांभोवती फिरत राहते. दोन्ही प्रश्नांची बऱ्यापैकी समाधानकारक उत्तरे आता उपलब्ध आहेत. अधिक गंभीर असलेला तिसरा प्रश्न मात्र मागे पडतो. दूरध्वनीवरून येणाऱ्या कोणत्याही निवडणूकविषयक माहितीवरचा मतदाराचा विश्वास या दूरध्वनींमुळे उडत असेल, तर त्याची किंमत कोण मोजतो?

यंत्र बोलते, ऐकत नाही

स्वयंचलित दूरध्वनीची यंत्रणा साधी आहे. एकदा संदेश ध्वनिमुद्रित करायचा, क्रमांकांची यादी संगणकात भरायची आणि प्रत्येक क्रमांक जोडून संदेश ऐकवायचा. माणसे नेमून दूरध्वनी करण्याच्या तुलनेत याचा खर्च अत्यल्प असतो. एका दिवसात लक्षावधी क्रमांकांपर्यंत पोहोचता येते आणि प्रत्येकाला तेच शब्द, त्याच सुरात ऐकू येतात. प्रचार व्यवस्थापकाच्या दृष्टीने हे सारे गुणच आहेत.

मतदाराच्या बाजूने चित्र वेगळे दिसते. स्वयंपाकघरात, शेतात, बसमध्ये किंवा कार्यालयात असताना दूरध्वनी येतो. क्रमांक अनोळखी असतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत तो माणूस आहे की यंत्र, हे मतदाराच्या ध्यानात येते. ध्वनिमुद्रित आवाज आहे असे कळताच बहुतेक जण दूरध्वनी बंद करतात. काही जण कुतूहलापोटी ऐकतात, तर काही जण दुसरे काम करता करता तो चालू ठेवतात. घरातील वयोवृद्ध मात्र अनेकदा संपूर्ण संदेश ऐकून घेतात आणि पलीकडे माणूसच आहे असे समजून उत्तरही देतात.

या सर्व प्रतिक्रियांपैकी यंत्राला मोजता येते ती एकच गोष्ट, ती म्हणजे दूरध्वनी किती सेकंद चालू राहिला. मतदार हसला, चिडला, पटल्याने मान डोलावली की घरच्यांकडे तक्रार केली, यांपैकी काहीही नोंदवले जात नाही. परिणामी 'इतक्या लाख मतदारांशी संपर्क साधला' असा आकडा तयार होतो. तो आकडा वाजलेल्या दूरध्वनींचा असतो. किती मतदारांनी संदेश ऐकला किंवा मानला, हे त्यावरून कळत नाही.

घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्याची गोष्ट वेगळी असते. 'मागच्या वेळी पाण्याचे आश्वासन दिले होते, त्याचे काय झाले?' असा प्रश्न त्याला दारातच विचारला जातो. तो उत्तर देऊ शकला नाही तरी प्रश्न घेऊन परत जातो. प्रचाराची वाट तिथे दुहेरी असते आणि ध्वनिमुद्रित संदेशात ती एकेरी होते.

संशोधन काय सांगते?

प्रचाराच्या पद्धतींचा मतदानावर नेमका किती परिणाम होतो, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास अमेरिकेत गेल्या पाव शतकात मोठ्या प्रमाणावर झाला. येल विद्यापीठातील अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या राज्यशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन शहरात सुमारे तीस हजार नोंदणीकृत मतदारांवर एक प्रयोग केला. औषधांच्या चाचणीत करतात त्याप्रमाणे मतदारांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडण्यात आले. काहींच्या घरी प्रत्यक्ष भेट देण्यात आली, काहींना टपालाने पत्रे पाठवण्यात आली, काहींना दूरध्वनी करण्यात आले आणि काहींशी कोणताही संपर्क साधण्यात आला नाही. नंतर अधिकृत नोंदींवरून कोणी मतदान केले ते पडताळण्यात आले. प्रत्यक्ष भेटीने मतदान लक्षणीय वाढले, पत्रांनी किंचित वाढले आणि व्यावसायिक संस्थेमार्फत केलेल्या दूरध्वनींचा परिणाम दिसला नाही.

हे दूरध्वनी माणसांनी केले होते. ध्वनिमुद्रित संदेशांबाबतचे निष्कर्ष तर याहून निराशाजनक आहेत. २००६ मध्ये टेक्सास राज्यात रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीच्या वेळी तत्कालीन गव्हर्नर रिक पेरी यांच्या आवाजातील संदेश यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या मतदारांना ऐकवण्यात आला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील एका न्यायाधीशपदाच्या उमेदवाराला मत द्यावे, असे त्यात आवाहन होते. बोलणारी व्यक्ती परिचित होती, स्वपक्षीय होती आणि मतदारांत वजन असलेली होती. तरीही मतदानाच्या प्रमाणावर किंवा उमेदवाराच्या निवडीवर ठामपणे सांगता येईल असा परिणाम आढळला नाही.

याच अभ्यासपरंपरेतून पुढे आलेली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. प्रशिक्षित स्वयंसेवकाने घाई न करता, समोरच्याचे ऐकून घेत केलेला दूरध्वनी परिणामकारक ठरू शकतो. त्यामुळे दूरध्वनी या साधनाला दोष देता येत नाही. कमतरता संवादाची असते. माणूस माणसाचे निमंत्रण सहसा अव्हेरत नाही, यंत्राच्या निमंत्रणाचा मान राखण्याचे बंधन मात्र त्याला वाटत नाही.

मग राजकीय पक्ष ही पद्धत सोडून का देत नाहीत? पहिले कारण अर्थातच खर्चाचे. जी गोष्ट जवळजवळ फुकट आहे, तिचा लाभ नगण्य असला तरी ती करून पाहण्याचा मोह होतो. दुसरे कारण स्पर्धेचे. विरोधकाचे दूरध्वनी सुरू असताना आपण गप्प बसलो तर कार्यकर्ते अस्वस्थ होतात. तिसरे कारण असे की, वैतागाचा खर्च संदेश पाठवणाऱ्याच्या खात्यात पडत नाही, तो समाजाच्या खात्यात जमा होतो. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार २००६ च्या मध्यावधी निवडणुकीच्या अखेरच्या टप्प्यात सुमारे दोन तृतीयांश नोंदणीकृत मतदारांना ध्वनिमुद्रित दूरध्वनी आले होते. एकेकाने उचललेले छोटे पाऊल अशा रीतीने सर्वांवर कोसळणारा पाऊस बनते.

राग कोणावर निघतो?

वैतागलेला मतदार चिडून विरोधी पक्षाला मत देईल, अशी भीती प्रचारकांना वाटते. तसे सहसा होत नाही. ज्याचे मत पक्के आहे तो एका दूरध्वनीने ते बदलत नाही. मात्र राग नेमका कोणावर निघतो, याचे एक उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे.

अमेरिकेतील २००६ च्या त्याच मध्यावधी निवडणुकीत अनेक मतदारसंघांमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या प्रचार समितीने केलेले दूरध्वनी वादग्रस्त ठरले. संदेशाची सुरुवात डेमोक्रॅटिक उमेदवाराचे नाव घेऊन, त्या उमेदवाराविषयी माहिती देण्याच्या स्वरात होत असे. टीका पुढे येत असे आणि संदेश कोणी पाठवला हे अखेरीस सांगितले जात असे. दूरध्वनी मध्येच बंद केला तर तो पुन्हा पुन्हा येतो, अशाही तक्रारी झाल्या. पहिल्याच वाक्याला दूरध्वनी ठेवणाऱ्या मतदाराच्या कानी पडत असे ते फक्त डेमोक्रॅटिक उमेदवाराचे नाव. साहजिकच हा उमेदवारच आपल्याला छळतो आहे, असा अनेकांचा समज झाला आणि संतापाचे दूरध्वनी त्याच्या कार्यालयात येऊ लागले.

मतदार संदेश पूर्ण ऐकत नाही, हे येथे संदेश पाठवणाऱ्याच्या पथ्यावर पडले. ध्वनिमुद्रित संदेशाची खरी ताकद मन वळवण्यात नसेल, परंतु गोंधळ निर्माण करण्यात ती असू शकते, याची ही पहिली ठळक सूचना होती.

मतदान केंद्र बदलल्याची अफवा

या सूचनेचे पुढचे पाऊल कॅनडात पडले. २ मे २०११ रोजी तेथे संसदेची सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदानाच्या दिवशी सकाळी ओंटारिओ प्रांतातील ग्वेल्फ या शहरात सुमारे सात हजार दूरध्वनी गेले. हा संदेश 'इलेक्शन्स कॅनडा' या तेथील निवडणूक यंत्रणेकडून आल्याचे त्यात सांगितले जात होते. गर्दी अपेक्षित असल्याने आपले मतदान केंद्र बदलण्यात आले आहे, अशी माहिती त्यात दिली होती. ही माहिती पूर्णतः खोटी होती. अनेक मतदार शहरातील एका बाजार संकुलात पोहोचले, तेथे आपले केंद्र नाही हे कळल्यावर काही परत फिरले, काही योग्य केंद्रावर गेले, तर काहींनी मतदानाचा नाद सोडला.

या प्रकरणाचा तपास दीर्घकाळ चालला. दूरध्वनी पाठवणाऱ्याने खोटे नाव आणि वापरून फेकून देण्याजोगा मोबाइल क्रमांक वापरला होता. अखेर २०१४ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या एका तरुण कार्यकर्त्याला दोषी ठरवून नऊ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावण्यात आली. दरम्यान २०१३ मध्ये कॅनडाच्या संघीय न्यायालयाने देशाच्या इतर भागांतील सहा मतदारसंघांविषयीच्या खटल्यात गैरप्रकार झाल्याचे मान्य केले, परंतु निकाल रद्द करण्याची मागणी फेटाळली.

ग्वेल्फच्या मतदारांची प्रतिक्रिया ही प्रचाराला दिलेली प्रतिक्रिया नव्हती. 'अमुक पक्षाला मत द्या' असे सांगितले असते, तर त्यांनी दूरध्वनी ठेवून दिला असता. 'तुमचे केंद्र बदलले आहे' हे ऐकताच ते थांबले, ऐकले आणि त्याप्रमाणे वागले. मतदार प्रचाराला दाद देत नाही, परंतु माहितीला देतो. सामान्य नागरिकाचा सार्वजनिक यंत्रणेवर असलेला हा सहज विश्वास लोकशाहीचे भांडवल आहे आणि फसवणूक करणाऱ्याने नेमका त्यावरच हात घातला.

कॅनडाने यातून धडा घेतला. २०१४ च्या निवडणूक सुधारणा कायद्याने मतदारांशी दूरध्वनीवरून संपर्क साधणाऱ्या संस्था आणि त्यांची सेवा घेणारे पक्ष यांच्यासाठी नोंदणीपट तयार करण्यात आला. ऐकवलेल्या संदेशाची प्रत ठराविक काळ जपून ठेवणे बंधनकारक झाले. दूरध्वनी करण्यावर बंदी आली नाही, पण तो कोणी केला हे लपवणे कठीण झाले.

भारतातील अनुभव

भारतीय मतदाराला ध्वनिमुद्रित प्रचाराचा पहिला मोठा अनुभव २००४ च्या लोकसभा निवडणुकीत आला. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या आवाजातील हिंदी संदेश देशभरातील दूरध्वनींवर ऐकवण्यात आला. त्या वेळी देशात सुमारे चार कोटी स्थिर दूरध्वनी होते. मोबाइलधारकांची संख्या त्यांच्याहून कमी होती आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ती स्थिर दूरध्वनींच्या पुढे गेली. मतदार मात्र ६७ कोटींच्या घरात होते. म्हणजे हा संदेश मुख्यतः शहरी आणि सुस्थित घरांपर्यंतच पोहोचू शकत होता.

साक्षात पंतप्रधानांचा आवाज घरात ऐकू येणे ही तेव्हा नवलाची गोष्ट होती आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत तिची चर्चा होत असे. निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला १३८ आणि काँग्रेसला १४५ जागा मिळाल्या आणि सत्तांतर झाले. निकालाला दूरध्वनी कारणीभूत होते असे कोणीही म्हणणार नाही. परंतु नवलाईतून निर्माण झालेली चर्चा आणि मतपेटीतील मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

त्यानंतरच्या दोन दशकांत परिस्थिती पार पालटली. १ मे २००३ पासून 'जो दूरध्वनी करील तो पैसे देईल' हे तत्त्व लागू झाल्याने मोबाइलवर येणारे दूरध्वनी आधीच विनामूल्य झाले होते. पुढे दर कोसळले आणि मोबाइल गावोगाव पोहोचला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे १२० कोटी दूरध्वनी जोडण्या आणि सुमारे ९७ कोटी मतदार होते. एकेकाळी नवल असलेला ध्वनिमुद्रित आवाज आता कर्ज, विमा आणि भूखंड विकणाऱ्या आवाजांच्या गर्दीतला एक झाला आहे.

या गर्दीत चांगला संदेशही झिजतो. २०२० मध्ये करोना साथीच्या काळात प्रत्येक दूरध्वनीपूर्वी सावधगिरीची सूचना ऐकवली जात असे. सूचना उपयुक्त होती, नंतर काही काळ ती अमिताभ बच्चन यांच्या सर्वपरिचित आवाजात होती, तरीही काही महिन्यांतच ती बंद करावी अशी मागणी होऊ लागली आणि जानेवारी २०२१ मध्ये ती बदलण्यात आली. तातडीच्या कामासाठी दूरध्वनी करणाऱ्याला तेच वाक्य शंभराव्यांदा ऐकावे लागले, तर त्याला अर्थ ऐकू येत नाही, फक्त विलंब जाणवतो.

भाषा आणि पत्ता यांचाही घोळ होतो. दूरसंचार मंडळांची आखणी राज्यांच्या सीमांशी तंतोतंत जुळत नाही. गोवा हा महाराष्ट्र मंडळाचा भाग आहे, तर मुंबई हे स्वतंत्र मंडळ आहे. जुलै २०१५ पासून क्रमांक न बदलता देशभर सेवा घेण्याची सोय झाल्याने क्रमांकावरून माणूस कोठे राहतो हे ओळखता येत नाही. पुण्यात घेतलेला क्रमांक बाळगून बंगळुरूला स्थायिक झालेल्या आणि तेथील मतदार यादीत नाव असलेल्या मराठी माणसाला महाराष्ट्रातील उमेदवाराचा संदेश येऊ शकतो. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांमध्येही कोणत्या भाषेतला आवाज येईल हे यंत्राने हाताळलेल्या यादीवर अवलंबून असते. जो संदेश आपल्या मतदारसंघाचा नाही आणि कधी आपल्या भाषेचाही नाही, तो ऐकून आपण या प्रचाराच्या हिशेबात माणूस नसून केवळ एक क्रमांक आहोत, अशी भावना मतदाराच्या मनात बळावते.

'एक दाबा, दोन दाबा' अशा पद्धतीच्या कलचाचण्यांबाबत संकोच अधिक आहे. जानेवारी २०२२ मध्ये पंजाबमध्ये आम आदमी पक्षाने मुख्यमंत्रिपदाचा उमेदवार निवडण्यासाठी एक क्रमांक जाहीर करून जनतेला मत कळवण्याचे आवाहन केले होते. २१ लाखांहून अधिक प्रतिसाद आल्याचे त्या पक्षाने सांगितले आणि भगवंत मान यांचे नाव जाहीर केले. तेथे क्रमांक उघड होता, विचारणारा उघड होता आणि दूरध्वनी करण्याचा निर्णय नागरिकाचा होता. याउलट अनोळखी क्रमांकावरून 'आपण कोणाला मत देणार?' असे विचारले जाते, तेव्हा आपले उत्तर आपल्या क्रमांकासह कोणाच्या तरी संगणकात साठेल, ही शंका मनात येते. ती निराधार म्हणता येणार नाही. मग कोणी दूरध्वनी बंद करतो, कोणी सुरक्षित वाटणारे बटण दाबतो. गावात ज्याचे वर्चस्व आहे त्याच्या बाजूचे बटण दाबणे हेही गुप्त मतदानाच्या रक्षणाचे एक साधे, शहाणपणाचे रूप असते.

नियमांची चौकट आणि तिच्यातील फटी

भारतात व्यापारी दूरध्वनी नको असलेल्या ग्राहकांसाठी २००७ मध्ये राष्ट्रीय नोंदणीपट सुरू झाला. पुढे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१० आणि २०१८ चे विनियम आले. ही चौकट मुळात व्यापारी संदेशांसाठी आखलेली आहे. राजकीय आवाहन हे व्यापारी नसल्याने, नोंदणी केलेल्या नागरिकालाही निवडणुकीच्या काळात असे दूरध्वनी येतात आणि आपण नकार नोंदवूनही ते का येतात, हे त्याला उमगत नाही. अमेरिकेतही राजकीय दूरध्वनींना तेथील 'दूरध्वनी नको' यादीतून सूट आहे. मात्र १९९१ च्या कायद्यानुसार पूर्वसंमतीशिवाय मोबाइलवर ध्वनिमुद्रित संदेश पाठवण्यास तेथे मनाई आहे आणि हे बंधन राजकीय संदेशांनाही लागू होते.

प्रचाराच्या आशयावर भारताच्या निवडणूक आयोगाचे नियंत्रण आहे. मोठ्या संख्येने पाठवले जाणारे लघुसंदेश आणि ध्वनिसंदेश यांना दूरचित्रवाणी व आकाशवाणीवरील जाहिरातींप्रमाणेच पूर्वप्रमाणन आवश्यक आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत प्रचारावर निर्बंध असतात. न्यू हॅम्पशायर आणि ग्वेल्फ येथील दोन्ही घटना मतदानाच्या उंबरठ्यावर घडल्या, हे लक्षात घेतल्यास या ४८ तासांचे महत्त्व कळते. त्या अवधीत खोट्या संदेशाचा खुलासा करायला वेळ उरत नाही.

कृत्रिम आवाजाच्या प्रश्नाचीही आयोगाने दखल घेतली आहे. ६ मे २०२४ रोजी आयोगाने बनावट ध्वनिफिती व चित्रफिती निदर्शनास आल्यापासून तीन तासांत हटवण्याचे निर्देश राजकीय पक्षांना दिले. जानेवारी २०२५ मध्ये कृत्रिमरीत्या तयार केलेल्या मजकुरावर तसे ठळकपणे नमूद करण्याची सूचना आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये, बिहार विधानसभा निवडणुकीच्या पार्श्वभूमीवर, ध्वनिसंदेशाच्या बाबतीत हा खुलासा सुरुवातीच्या दहा टक्के अवधीत असावा असे सांगण्यात आले. मतदार पहिल्या काही सेकंदांतच ऐकायचे की नाही ते ठरवतो. म्हणून खुलासा सुरुवातीलाच हवा, ही अट योग्य आहे.

अडचण अंमलबजावणीची आहे. समाजमाध्यमावरील चित्रफीत हटवता येते. दूरध्वनीवर ऐकवलेला आवाज ऐकताक्षणीच संपतो, तो हटवायचा कोठून? बहुसंख्य मतदारांकडे त्याचे ध्वनिमुद्रण नसते. कागदी पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता छापणे याच कायद्याच्या कलम १२७-क नुसार बंधनकारक आहे. ते पत्रक हातात धरून तक्रार करता येते. ऐकलेल्या आवाजाचा असा पुरावा मतदाराच्या हाती उरत नाही.

न्यू हॅम्पशायरचा निकाल

न्यू हॅम्पशायरच्या प्रकरणात पुढे काय घडले, हेही उद्बोधक आहे. दूरध्वनींमागे स्टीव्ह क्रेमर हे राजकीय सल्लागार असल्याचे निष्पन्न झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोके लोकांच्या लक्षात आणून देण्यासाठी आपण हे केले, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला आवाज १९९१ च्या कायद्याच्या कक्षेत येतो, असे जाहीर केले. पुढे क्रेमर यांना ६० लाख डॉलरचा दंड ठोठावण्यात आला आणि संदेश वाहून नेणाऱ्या लिंगो टेलिकॉम या कंपनीने १० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. फौजदारी खटल्यात मात्र जून २०२५ मध्ये न्यायपंचांनी क्रेमर यांना सर्व आरोपांतून मुक्त केले. मतदाराची फसवणूक सर्वांना मान्य असूनही तिला कोणत्या गुन्ह्याचे नाव द्यावे, याचे उत्तर सोपे नाही, हे त्यातून दिसले.

मतदारांनी स्वतःचे उत्तर मात्र दिले होते. त्या प्राथमिक निवडणुकीत बायडेन यांचे नाव मतपत्रिकेवर छापलेलेही नव्हते. त्यांच्या समर्थकांना ते हाताने लिहावे लागणार होते. तरीही तसे लिहून मते देणाऱ्यांची संख्या इतकी होती की, ते मोठ्या फरकाने विजयी झाले. बनावट आवाजाने निवडणूक फिरवली नाही. प्रसारमाध्यमांनी आणि राज्य प्रशासनाने दुसऱ्याच दिवशी खुलासा केला, त्याचाही यात वाटा होता.

या निकालावरून निश्चिंत होणे मात्र धोक्याचे ठरेल. फसलेला मतदार मोजता येतो, परंतु सावध झालेला मतदार पुढच्या वेळी खऱ्या दूरध्वनीवरही विश्वास ठेवत नाही, हे नुकसान कोणत्याही निकालात दिसत नाही. मतदान केंद्र खरोखरच बदलले, पुरामुळे मतदानाची तारीख पुढे गेली किंवा ज्येष्ठ नागरिकांसाठी घरून मतदानाची सोय झाली, तर ही माहिती पोहोचवण्याचे सर्वांत जलद साधन दूरध्वनी हेच आहे. ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही, ज्या मतदाराला वाचता येत नाही, त्याच्यासाठी तर ते एकमेव साधन असू शकते. त्या आवाजावरचा विश्वास उडाला, तर सर्वाधिक हानी याच मतदाराची होते.

म्हणून दूरध्वनींवर सरसकट बंदी घालण्यापेक्षा तीन साध्या अटींचा आग्रह धरणे अधिक उपयोगी ठरेल. कोण बोलत आहे आणि आवाज खरा की कृत्रिम, हे पहिल्याच वाक्यात सांगितले जावे. ऐकवलेला प्रत्येक संदेश निवडणूक अधिकाऱ्यांकडे उपलब्ध असावा, म्हणजे तक्रार करणाऱ्याला पुराव्यासाठी वणवण करावी लागणार नाही. आणि ज्या क्रमांकावरून संदेश आला, त्यावर उलट दूरध्वनी केल्यास उत्तर देणारा माणूस असावा. तोवर मतदान केंद्र, तारीख किंवा यादीतील नाव यांविषयीचा कोणताही ध्वनिमुद्रित संदेश १९५० या मतदार मदत क्रमांकावर किंवा स्थानिक निवडणूक कार्यालयात पडताळून पाहणे, हेच मतदाराच्या हिताचे आहे.

न्यू हॅम्पशायरच्या काही मतदारांनी त्या रविवारी नेमके हेच केले. त्यांनी ऐकले, शंका घेतली आणि उलट विचारणा केली. प्रचाराची यंत्रे दिवसेंदिवस अधिक हुबेहूब बोलू लागतील. मतदाराला विचारण्याची सवय आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारी यंत्रणा, या दोन गोष्टी टिकल्या तर त्या हुबेहूब आवाजाचे भय बाळगण्याचे कारण उरणार नाही.